पाठमोरा उजेड

मेहकर, ता. भालकी
३ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाबूलाल काका,
सादर नमस्कार.

मी धनराज, श्रीपतरावांचा नातू. तुम्ही आमच्या घरची मोटार चालवायचात तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण आजीच्या तोंडी तुमचं नाव नेहमी असतं. फोन लावला तर काकूंनी उचलला. म्हणाल्या, "त्यांना फोनवर ऐकू येत न्हाई. पत्र लिव्हा. पत्र आलं तर चार-चारदा वाचतेत." म्हणून लिहितो आहे.

कडब्याच्या शेडमधली पॉन्टिॲक मी बाहेर काढली. दोन वर्षं हैदराबादच्या मिस्त्रीकडे होती. इंजिन चालू झालं, रंग झाला, गाद्या झाल्या. एकच वस्तू नाही. बॉनेटच्या टोकावरचा तो पिवळा मुखडा, हेडलाइट लावले की आतून उजळायचा तो. जुन्या फोटोत दिसतो. गाडीवर आता फक्त स्क्रूची दोन भोकं आहेत.

ही माझी एकट्याची हौस नाही. आजी, म्हणजे राजूबाई, एकोणसाठ साली त्याच गाडीतून लग्न होऊन आली. पुढेही कुठे जायचं तर मागच्या सीटवर, पडद्याआड. ती म्हणते, "गावानं त्याचं तोंड बघितलं. मी आपली पाठच बघितली." उजेड लावलेला मुखडा समोरून बघायचा आहे तिला. डोळ्यांच्या आतला पडदा विरत चालला आहे. डॉक्टर म्हणाले, काय बघायचं ते या वर्षात बघून घ्या.

तो मुखडा कुठे गेला, हे तुम्हालाच माहीत असेल असं आजी म्हणते.

आपला,
धनराज


निर्णा
११ ऑगस्ट २०२५

श्री. धनराज मालक यांस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकीट एका बाजूने उघडं होतं. पोस्टमन बंडेप्पा उघडतो असं मी म्हणत नाही, डिंकच हलका असेल. तरी पुढच्या वेळी चिकटपट्टी लावावी.

अक्कांच्या डोळ्यांचं वाचून जेवण गेलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, चूक-भूल पोटात घालावी.

तुम्ही मुखड्याचं विचारता. मी चौदाव्या वर्षी क्लीनर म्हणून लागलो तेव्हा मेहकरात विजेचा खांब नव्हता. गावात बॅटरीचा टॉर्च सोडला तर विजेवर पेटणारी तीच एक वस्तू. दिवस मावळताना गाडी भालकीहून यायची, रस्त्याच्या दोन्ही अंगाला ज्वारी उभी असायची, आणि गाडी दिसायचीच नाही. नुसतं एक पिवळं तोंड कणसांवरून तरंगत यायचं. केस मागे उडालेले, नाक सरळ. बाया म्हणायच्या, मल्लण्णा आला. भंडाऱ्यासारखा पिवळा, दुसरा कोण असणार? गाडी थांबली की हळद लावायच्या. कोणी अडलेली बाई असली की तिला दारात आणून बसवायच्या, मुखडा दाखवायच्या, म्हणजे सुटका लवकर होते म्हणे. मला म्हणायच्या, "सरक रे बाबूलाल, सावली पडायली."

त्या बाया गेल्या की ती हळद पुसायचं काम माझं. हळद राहिली तर आतल्या बल्बच्या उष्णतेने काच डागाळते. आम्हाला तेव्हा मल्लण्णाच्या देवळाच्या पायरीवर येऊ देत नव्हते, आणि रोज सकाळी त्याचं तोंड मी ओल्या फडक्याने धूत होतो. माझे अप्पा हसायचे. आम्ही छप्पन सालीच देव सोडले होते.

अजूनही ते तोंड स्वप्नात येतं. ज्वारीवरून येतं, माझ्याजवळ येऊन थांबतं, आणि मला फडकं सापडत नाही.

मुखडा बहात्तर सालच्या दिवाळीत पडला. भालकीच्या रस्त्यावर, पुलाच्या अलीकडे कडुलिंब आहे तिथे. खड्डे फार होते. मालकांनी माणसं लावून दोन दिवस शोधलं. सापडला नाही. याहून जास्त मला माहीत नाही.

अक्कांना माझा नमस्कार सांगावा. हे पत्र वाचून झालं की ठेवू नये.

आपला नम्र,
बाबूलाल


मेहकर
३१ ऑगस्ट २०२५

बाबूलाल काका,

आधी एक विनंती. मला मालक म्हणू नका. आजीने ऐकलं तर मला हसते.

पाकिटाला चिकटपट्टी लावली आहे.

तुमचं पत्र मी आजीला दोनदा वाचून दाखवलं. ज्वारीवरून तोंड तरंगत यायचं, तिथे मला थांबवून म्हणाली, "परत वाच." कडुलिंबापर्यंत आलो तेव्हा मात्र चष्मा काढून पुसत बसली.

तुम्हाला मौज वाटेल. तो मल्लण्णा नाही. आणि काचही नाही, ते जाड प्लास्टिक. अमेरिकेत गोरे लोक जायच्या आधी जे लोक राहत होते, त्यांच्यातला पॉन्टिॲक नावाचा एक सरदार होता. स्वतःच्या मुलखासाठी लढला. मुलूख गेला, माणसं गेली, आणि पुढे मोटारीला त्याचं नाव दिलं, बॉनेटवर त्याचं तोंड बसवलं.

आता कामाचं. कडुलिंबाखाली आज काय आहे ते तुम्हाला माहीत असेलच. मोटार मल्लण्णा. मुखडा हरवला तेव्हा लोक म्हणाले देव आपण होऊन उतरला, आणि तिथे दगड मांडला. आता पत्र्याची शेड आहे, ट्रकवाले नारळ फोडतात. पूजा करणारी गौरम्मा आहे. मुखड्याची बैठक लोखंडाची असणार, म्हणून जमिनीतलं लोखंड शोधायचं यंत्र मी हैदराबादहून आणतो आहे. सर्वपित्री अमावास्येला, २१ सप्टेंबरला, गर्दी जमायच्या आत सकाळी खणायचं. गौरम्मा तयार नाही. म्हणते, "देवाच्या बुडाखाली खणायलास, हात झडतील." पण दगड बाजूला सरकवून परत ठेवू, असं तिला समजावतो आहे. चार पोरं बरोबर घेतली आहेत.

धनराज


निर्णा
५ सप्टेंबर २०२५

चि. धनराज,

खणू नये.

तिथली जमीन मुरमाड आहे. पुलाचं काम झालं तेव्हा वरची माती सगळी गेली. शिवाय सापाचं वारूळ आहे, होतं. गौरम्मा बाई माणूस आहे, तिच्या तोंडी लागू नये. लोक चिडले तर कोण आवरणार? चार पोरं म्हणजे कोणाची पोरं?

माझी झोप उडाली आहे. उलट टपाली कळवावे की खणत नाही.

बाबूलाल


मेहकर
१० सप्टेंबर २०२५

काका,

काळजी करू नका, वारूळ नाही, जाऊन पाहून आलो. यंत्र आलं आहे. आजीचा उजवा डोळा गेल्या आठवड्यात गेलाच. डाव्याने भिंतीवरचं घड्याळ दिसतं, काटे दिसत नाहीत. २१ तारीख पक्की.

धनराज


निर्णा
१३ सप्टेंबर २०२५

राजूबाई अक्का यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र धनराजला न लिहिता तुम्हाला लिहितो, कारण चोरी तुमच्या घरची आहे.

कडुलिंबाखाली काही नाही. मुखडा तिथे पडला नाही. मुखडा माझ्याकडे आहे. ज्वारीच्या कणगीत, आमच्या भागाबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. त्रेपन्न वर्षं.

धनत्रयोदशीची संध्याकाळ होती. भागाबाईला सकाळपासून कळा सुरू होत्या, सुटका होत नव्हती. घरात रॉकेल नव्हतं. सुईण म्हणाली, "माजे हातच मला दिसंना झालेत, उजेड आणा." मी शेडमध्ये गेलो, पाना घेतला आणि मालकांना न विचारता मुखडा काढला. जादाची सहा व्होल्टची बॅटरी डोक्यावर घेतली. घरी येऊन वायरी जोडल्या, मुखडा उतरंडीवर ठेवला आणि तो पेटला.

अप्पा उंबऱ्यातून म्हणाले, "देव सोडून सोळा वर्षं झाली, अन् हे तोंड कामून आणलास?" मी म्हणालो, "मोटारीचा दिवा हाय, अप्पा." सगळं घर पिवळं झालं. भिंती, गाडगी, सुईणीचे हात. भागाबाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. त्या उजेडात प्रेमानंद झाला.

पहाटे परत बसवायचा होता. पण लेकरू त्याच्याकडे डोळे लावून गप्प पडलं होतं, वायर काढली की रडायचं. आत्ता काढू, मग काढू करता करता निघायची वेळ झाली आणि मालकांनी हाक मारली. तुम्हाला माहेरी न्यायचं होतं. तसाच निघालो. कडुलिंबाजवळ गाडी थांबवून उतरलो आणि म्हणालो, मालक, दिवा पडला. मालक पेंगत होते. त्यांनी खरं मानलं. दोन दिवस माणसं रस्ता चाळत होती आणि मीही त्यांच्यात खाली वाकून शोधत होतो. ते वाकणं अजून पाठीत आहे.

पुढे तिथे दगड बसला. माझ्या खोट्याला शेंदूर लागला. बसने त्या बाजूला जायची वेळ आली की मी दुसऱ्या खिडकीत बसतो.

प्रेमानंद आता कलबुर्गीत इंजिनिअर आहे. त्याच्या वाढदिवसाला दिवा लावतो, जुन्या मोटारसायकलीच्या बॅटरीवर. त्याला वाटतं मी तो हैदराबादच्या बाजारातून आणला.

धनराजचं पत्र आल्यापासून भागाबाई विचारते, "कामून घाम फुटायलाय? पत्र वाचायलाव का पंचनामा?" काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पन्नास वर्सं पोटात धरलाव. आता तरी बाळंत व्हा."

पोलिसात द्यायचं असेल तर मला द्यावं, प्रेमानंदचं नाव येऊ देऊ नये. त्याची बढती जवळ आली आहे. खणू मात्र नये.

अपराधी,
बाबूलाल


॥ मल्लण्णा प्रसन्न ॥

मेहकर
१९ सप्टेंबर

बाबूलालास राजूबाईचा आशीर्वाद.

अक्षर मोठं येतं, कारण लहान मला दिसत नाही. तुझं पत्र धनराजला दिलं नाही. मीच वाचलं, भिंग घेऊन. दोन दिवस लागले. खणणं बंद केलं आहे. काही कारण सांगितलं नाही, म्हातारीच्या हट्टाला कारण लागत नाही.

तू चोर आहेस हे मला त्रेपन्न वर्षांपासून माहीत आहे. पहाटे अंधारात आपण निघालो, तू हेडलाइट लावलास, आणि माझ्यासमोर मुखड्याची पाठ नव्हती. रोज काचेतून त्याच्या डोक्यामागचा उजेड दिसायचा, तेवढाच माझा. त्या दिवशी घरातून निघतानाच तिथं काळोख होता. कडुलिंबापर्यंत तू कसा गाडी चालवतोस ते बघत बसले. तुझा सदरा पाठीला चिकटला होता. मी बोलले नाही.

का बोलले नाही ते आता लिहिते. तू पत्रात एक गोष्ट गाळली आहेस. मेलेल्या माणसाला जपलंस.

तू आदल्या संध्याकाळी गाडी मागायला आला होतास. ओसरीखाली उभा होतास. म्हणालास, "मालक, भागी अडलीया, भालकीला दवाखान्यात न्यायचं." हे म्हणाले, "गाडी धुवून झाली, उद्या बाईसाहेबांना घेऊन जायचं हाय. सकाळी बघू." मी दाराच्या आत होते. हातात माहेरी न्यायच्या करंज्यांचा डबा होता. दोन पावलं पुढं येऊन म्हणाले असते, की मी परवा जाईन, गाडी द्या, तर यांनी दिली असती. माझं ऐकत होते. मी करंज्या मोजत बसले.

म्हणून तू पाना घेऊन शेडमध्ये गेलास. मी तुझ्या जागी असते तर गाडीच घेऊन गेले असते.

आता माझं काम कर. मला तोंड बघायचं आहे आणि माझा एकच डोळा उरला आहे. धनत्रयोदशीला ये. गाडीत बसून तोंड दिसत नाही, हे कळायला मला साठ वर्षं लागली. मला रस्त्यावर उभं राहावं लागेल. मग मागं कोण बसणार? रिकामी गाडी मला बघायची नाही. भागाबाईला घेऊन ये. ती मागं बसेल. गाडी तूच चालवायची.

राजूबाई


निर्णा
२७ सप्टेंबर २०२५

अक्का,

पत्र पोचलं. चार वेळा वाचलं, मग भागाबाईला वाचून दाखवलं. तिला गाडी मागितल्याचं मी कधीच सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ तूर निवडत राहिली. मग म्हणाली, "इरकली काढावं लागंल."

येतो. पण मला भीती वाटते. अठ्ठ्याऐंशी सालानंतर मी स्टिअरिंग धरलं नाही. गुडघा क्लचवर टिकेल का नाही माहीत नाही. बल्ब एकच शिल्लक आहे, तो वाटेत गेला तर? ढग आले तर? धनराजला सांगावं, बॅटरी सहा व्होल्टचीच घ्यावी, बाराची लावली तर मुखडा जळेल. हे दोनदा सांगावं.

आधी कडुलिंबाशी थांबून गौरम्माला खरं सांगणार आहे. तिने शिव्या दिल्या तर ऐकून घेईन, तसंही मला अर्ध्या ऐकू येतील.

बाबूलाल


मेहकर
२४ ऑक्टोबर

बाबूलालअण्णा,

तुम्ही लोक गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यात औषध घातलं, म्हणून लिहायला उशीर. धनराज रेघा आखून देतो, मी त्या धरून लिहिते.

मी काय बघितलं ते तुला कोणी सांगितलं नसेल. तू आत होतास.

धनराजनं मला वेशीबाहेर खुर्ची दिली, मी बसले नाही. दिवस नुकताच बुडाला होता. तूर फुलावर आली आहे, पण मला ती सगळी एक काळी भिंत दिसत होती. धनराज म्हणाला, आजी, आली. मला काही दिसेना. मग भिंतीच्या वर एक ठिपका आला, मधाच्या थेंबाएवढा. थेंब मोठा झाला. गाडी मला दिसलीच नाही, आवाजही वाऱ्यानं दुसरीकडं नेला. नुसतं तोंड आलं. तुरीवरून, सावकाश, पाण्यावरून यावं तसं. तू पहिल्या गियरमध्ये आणलंस, मला ठाऊक आहे, गुडघ्यामुळं. बरं केलंस. पुष्कळ वेळ मिळाला.

माझ्यापासून चार हातांवर थांबलं. मी जवळ जाऊन हात लावला, गरम होतं. जन्मभर मला वाटत होतं, पाठीमागून इतका उजेड आहे तर तोंड देवाचंच असणार. देव नाही रे. दमलेला माणूस आहे. कपाळाला आठ्या आहेत. आपलं रान दुसऱ्यानं नांगरलेलं बघावं, तसा बघतो. कुणाचा तरी आज्जा असेल. इतक्या लांब आला, आम्ही हळद फासली, बाळंतिणी दाखवल्या, कधी म्हणाला नाही की मी तो नव्हे.

मग मी मान वर केली, आणि काचेच्या पलीकडे मागच्या सीटवर भागाबाई दिसली. इरकली नेसून, ताठ. पडदा बाजूला केलेला. तोंडाचा उजेड काचेवर पडून तिच्यावर गेला होता. माझ्या जागेवर माणूस कसं दिसतं, तेही मला त्या दिवशीच दिसलं.

मुखडा गाडीवरच राहू दे, असं तू म्हणालास. राहू दे. पण धनराजला मी सांगून ठेवलं आहे, दर धनत्रयोदशीला गाडी निर्ण्याला तुमच्या दारात येईल. मी नसले तरी. प्रेमानंदला आता खरं माहीत झालं, त्याला राग आला का ते लिही.

एक विचारायचं राहिलं. गाडी आमच्या दारात थांबली तेव्हा भागाबाई मागून काहीतरी बोलली, तू खांद्यावरून मागं बघितलंस आणि हसलास. मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसलेस. धनराजनं सांगितलं, मला दिसलं नाही. काय बोलली?

राजूबाई


निर्णा
१ नोव्हेंबर २०२५

राजूबाई अक्का यांस,
सप्रेम जयभीम.

पाकीट व्यवस्थित चिकटलेलं होतं. बंडेप्पा आता मलाच विचारतो, मेहकरला दिवा लागला का? म्हणजे वाचतच होता.

प्रेमानंदला राग आला नाही. त्याने मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं तर मी लहानपणी शाळेत सांगितलं असतं, की मी मोटारीच्या दिव्यात झालो." त्याच्या साहेबांना सांगू नको म्हणालो.

गौरम्माला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, नारळाचा तुकडा हातात दिला आणि म्हणाली, "तुमचा दिवा सापडला, बरं झालं. आमचा मल्लण्णा हितंच हाय." मी म्हणालो, बाई, इथे कधी काही पडलंच नव्हतं. ती म्हणाली, "मग अजून पडायचंच हाय म्हणा की."  येताना बसमध्ये मी त्याच बाजूच्या खिडकीत बसलो.

घरी कणगी उघडली तर हात सवयीने लुगड्याकडे गेला. आत फक्त ज्वारी. बरं वाटलं आणि थोडं वाईटही. स्वप्न मात्र परवा परत पडलं. तोंड आलं, थांबलं. फडकं माझ्या हातातच होतं, पण पुसायला काही नव्हतं.

डोळ्यात औषध वेळेवर घालावं. धनराजला सांगावं, गाडी उभी असताना बॅटरीची वायर काढून ठेवावी, आणि मुखड्यावर कोणी हळद लावली तर लगेच पुसावी.

भागाबाई काय बोलली, ते मलाही तेव्हा ऐकू आलं नव्हतं. मागे वळून बघितलं तर नुसते ओठ हलताना दिसले, आणि तिचं तोंड असं होतं की हसूच आलं. घरी येऊन विचारलं, तर इतके दिवस सांगेना. काल चुलीपुढे बसली होती, आपण होऊन सांगितलं. ती म्हणाली होती,

"गाडीनं लई उशीर केला बगा. पोरगं तिरपन वर्साचं झालं."

आपला,
बाबूलाल